दर महिन्याला तो डबा घेतलाच जातो

‘‘त्यात साखर किती असते, ते मी डब्यावर वाचलंय. तरी महिन्याच्या यादीत तो असतोच. नाही घेतला, तर मुलाचं आपण काहीतरी कमी करतोय असं वाटत राहतं.’’

डबा दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचा; ती प्यायली की मुलं उंच होतात, असं जाहिरातीत सांगतात. हे बोलणाऱ्या बाई बँकेत नोकरीला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा चौथीत, प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहणारा. सगळं कळत असून जाहिरातीच्या ओळींना आपण का भुलतो, हे पालक मला बरेचदा विचारतात, तेही ओशाळून.

ओशाळायचं कारण नाही. 1977 साली अमेरिकेत एका प्रयोगात लोकांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा ऐकवली. जी पुन्हा कानावर पडली, ती त्यांना जास्त खरी वाटू लागली. पटवून देण्याच्या भानगडीत घोषवाक्य पडतच नाही. ते नुसतं ओळखीचं होत जातं.

पण ओळखीच्या ओळीने एवढी रुखरुख लागत नाही. मी विचारलं, ‘‘जाहिरातीतली उंचीची ती ओळ आठवली की आणखी कुणाचं बोलणं आठवतं?’’

त्या पटकन म्हणाल्या, ‘‘सासूबाईंचं. ‘आमच्यात कुणी एवढं बुटकं नाही.’’’

टोमणा घरातला होता, जाहिरातीने त्यावर उतारा तेवढा दाखवला होता. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. ही बातमीही बाईंनी वाचली होती. डबा येतच राहिला. टोमण्याला बातमी काय करणार?

मी त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. वाढीच्या तक्त्यावर मुलाची रेघ नीट चढत होती, वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर. आईवडील दोघंही बेताच्या उंचीचे. जेवणातही काही उणं नव्हतं.

मग एक काम दिलं: यादीत त्या वस्तूपुढे ‘कशासाठी’ ते लिहायचं, जाहिरातीतला एकही शब्द न वापरता. दोनदा खोडून त्यांनी लिहिलं, ‘दुधाला चॉकलेटची चव यावी म्हणून.’ एवढ्यासाठी छोटा पुडा पुरतो, तोही पोराने मागितला तरच. सासूबाईंना काय उत्तर द्यायचं, त्यावर मात्र आमचं बोलणं अजून चालू आहे.