क्विंटिन हॉग यांची कागदपत्रं भारतात बसून कशी अभ्यासायची?

तुमचा प्रश्न असा : लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकचे संस्थापक आणि दानशूर साखर-व्यापारी क्विंटिन हॉग (१८४५–१९०३) यांच्यावर प्रबंध लिहायचाय, पण ‘हॉग पेपर्स’ शोधून धड काही सापडत नाही.

पहिली गफलत नावातच होते. नातवाचं नावही क्विंटिन हॉगच (१९०७–२००१). तो लॉर्ड हेल्शॅम म्हणून ब्रिटनचा लॉर्ड चॅन्सेलर (न्यायव्यवस्था सांभाळणारा मंत्री) झाला आणि त्याचा भलामोठा संग्रह केंब्रिजच्या चर्चिल अर्काइव्ह्ज सेंटरमध्ये आहे. नुसतं नाव टाकलं की तोच वर येतो. ब्रिटिश नॅशनल अर्काइव्ह्जच्या ‘डिस्कव्हरी’ सूचीत १८६४ ते १९०३ अशी कालमर्यादा लावूनच शोधा.

आणि माणसापेक्षा संस्थेच्या मागे लागा. हॉगनी पाठवलेली पत्रं ज्याला पाठवली त्याच्या घरी गेली, त्यामुळे ‘हॉग पेपर्स’ नावाचं एकच गाठोडं मिळेल ही अपेक्षा सोडा. पॉलिटेक्निकचे मुख्य दस्तऐवज वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत, कारण तीच संस्था १९७० मध्ये पॉलिटेक्निक ऑफ सेंट्रल लंडन आणि १९९२ मध्ये विद्यापीठ झाली. मागे जाताना नावं बदलत जातात : १८६४ ची चेरिंग क्रॉसजवळची गरीब मुलांची शाळा, १८७३ ची यूथ्स ख्रिश्चन इन्स्टिट्यूट, मग लाँग एकर या रस्त्यावरची जागा, आणि १८८२ पासून ३०९ रीजंट स्ट्रीट. याच इमारतीत १८३८ ते १८८१ रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन होती. विज्ञानाची प्रात्यक्षिकं आणि मॅजिक लँटर्नचे (काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवण्याचे) खेळ करणारी ती वेगळीच संस्था. तिच्या कागदांचा हॉगशी संबंध नाही, तरी शोधात ते मिसळून येतात.

घरबसल्या सगळ्यांत जास्त माल मिळतो तो संस्थेच्या नियतकालिकात. १८७९ मध्ये ‘होम टायडिंग्ज’ नावाने सुरू झालेलं हे पत्र पुढे ‘पॉलिटेक्निक मॅगझिन’ झालं, आणि त्याचे अंक स्कॅन करून विनामूल्य ठेवलेले आहेत. इथे ‘हॉग’ शोधून भागत नाही. मुलं त्यांना ‘क्यू. एच.’ म्हणत. रोमन लिपीतली ही दोन अक्षरं टिंबासह, टिंबाशिवाय, मध्ये जागा सोडून अशी तिन्ही प्रकारे टाकून बघा. बारीक छपाईत स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं यंत्र क्यू हे अक्षर ओ म्हणून वाचतं, तोही पर्याय शोधा.

हस्तलिखितांच्या प्रती मागवणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. त्या काळी पाठवलेल्या पत्राची नक्कल बांधलेल्या वहीतल्या पातळ, ओलसर पानावर दाबून घेत. कागद इतका पारदर्शक असतो की फोटोत खालच्या दोन-तीन पानांची अक्षरं एकमेकांत घुसतात. प्रत्येक पानाखाली पांढरा कोरा कागद सरकवून फोटो घ्यायला सांगा, नाहीतर पैसे देऊन न वाचता येणारी चित्रं पदरात पडतात.

हिशेबवह्यांत पौंड, शिलिंग, पेन्स असे तीन रकाने असतात. आपल्या जुन्या रुपयात १९२ पै, तसे तिथे पौंडाला २४० पेन्स. स्प्रेडशीटमध्ये ३ पौंड १५ शिलिंग ही रक्कम ३.१५ लिहू नका, ती ३.७५ होते. तीन वेगळे रकाने ठेवा आणि बेरीज पेन्समध्ये करा. ‘मायकेलमसपर्यंत’ अशी नोंद दिसली तर ती २९ सप्टेंबर समजा. ‘लेडी डे’ म्हणजे २५ मार्च.

१८९१ नंतर पैसा बाहेरूनही येऊ लागला. १८८३ च्या कायद्याने लंडनच्या चर्च-परिसरांचे जुने धर्मादाय निधी एकत्र केले आणि त्यातून पॉलिटेक्निकांना अनुदान मिळालं. त्यासाठी लंडनच्या क्यू (Kew) या भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये चॅरिटी कमिशनच्या फायली पाहा.

हॉग यांचा स्वतःचा पैसा मात्र डेमेराराच्या साखरेचा होता, आणि प्रबंधात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच प्रकरण. डेमेरारा हा दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानाचा भाग, आणि तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून नेलेले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, राबत होते. लंडनच्या गरीब मुलांची शाळा कुणाच्या घामावर चालली, हे विचारायलाच हवं, आणि त्याचा शोध तुम्ही इथून घेऊ शकता. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या एमिग्रेशन शाखेच्या फायली ‘अभिलेख पटल’ या त्याच्याच संकेतस्थळावर ‘डेमेरारा’ आणि ‘ब्रिटिश गयाना’ असे दोन्ही शब्द इंग्रजीत टाकून शोधा. हॉग यांचे वडील सर जेम्स वीअर हॉग ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते, तो धागा ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे.

प्रत्येक फोटोच्या फाइलला अभिलेखागाराचा संदर्भ क्रमांक लगेच नाव म्हणून द्या, नंतर तो जुळवता येत नाही. आणि हॉग १९०३ मध्ये वारले म्हणून पत्रं मोकळी झाली असं धरून चालू नका. ब्रिटनमध्ये अशा जुन्या अप्रकाशित लेखनावरचा स्वामित्वहक्क साधारणपणे २०३९ च्या अखेरीपर्यंत टिकतो. छोटा उतारा संदर्भासह देता येतो. परिशिष्टात अख्खी पत्रं छापायची असतील, तर अभिलेखागाराला लिहून परवानगी प्रबंध सादर करण्याआधी काढा.