जिप्सीत डिझेल? आधी गिअरबॉक्सचं बघ

मित्रा, पेट्रोलवरच्या मारुती जिप्सीत बसवायला दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन घेतोयस तर त्याच्याच गाडीचा गिअरबॉक्स सोबत घे, तोही मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीचा. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्लच, पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं इंजिनकडचं टोक धरणारं) सगळं जुळलेलं मिळतं. न जुळणारा बॉक्स इंजिनाला जोडायला लेथवर अडॅप्टर प्लेट करायला गेलास आणि केसभर सेंटर चुकला, की गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगची वाट लागली.

जिप्सीचं एक बरंय: ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा, मधे छोटा शाफ्ट. म्हणजे बॉक्स बदलला तरी फोर बाय फोरला हात लावायला नको. पण बॉक्स लांब निघाला तर तो शाफ्ट आखडतो, कोन वाढतो आणि युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा वाकणारा सांधा) खातो. टेप लावून मोज. मिस्त्रीच्या ‘बसेल हो’वर जाऊ नकोस. डिझेल कमी आरपीएमचं, त्यामुळे पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट जोरात फिरवणारा) हवाच, नाहीतर हायवेला नुसता आरडाओरडा. आणि हो, मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, म्हणजे गाडीतल्या फेरबदलांचं. आरटीओची परवानगी इंजिनाचे पैसे देण्याआधी घे.