प्रतिप्रोटॉनच्या किरणांसाठी थांबावे का?

भाऊ, तुमच्या मोठ्या वडिलांच्या गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले आहे, डॉक्टरांनी आता 30 शेक, म्हणजे किरणोपचाराच्या 30 खेपा, सांगितल्या आहेत आणि ‘प्रतिद्रव्याचे किरण प्रोटॉनपेक्षा चौपट परिणामकारक’ ही बातमी वाचून घरात थोडे थांबण्याचा विचार चालला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. कृपा करून थांबू नका. खर्ऱ्याने पोखरलेले जबडे घेऊन यवतमाळ-वाशीमकडून येणारी माणसे मी किरणोपचार विभागात तंत्रज्ञ म्हणून वर्षानुवर्षे पाहिली आहेत, म्हणून हे आधी सांगतो. बातमी मात्र खोटी नाही, त्यामुळे तिचाही नीट विचार करायला हवा.

लिनॅक या नेहमीच्या किरणोपचार यंत्रातून निघणारे क्ष-किरण त्वचेखाली थोड्याच खोलीवर सर्वाधिक मात्रा टाकतात आणि गाठीच्या पलीकडेही आरपार जातात. प्रोटॉन या अणुकेंद्रकातल्या धनभारित कणाचा वेग मात्र शरीरात शिरल्यावर कमी होत जातो आणि थांबण्याच्या बेतात असताना तो आपल्या ऊर्जेचा मोठा वाटा एकाच ठिकाणी सोडतो. संत्र्याच्या बागेला पाटाने पाणी दिले तर वाटेतली जमीनही भिजते आणि ठिबकने ते बुंध्याशीच पडते, तसा हा फरक आहे. हा गुण उपचारासाठी वापरण्याची कल्पना रॉबर्ट विल्सन यांनी 1946 मध्येच मांडली होती. प्रतिप्रोटॉन म्हणजे प्रोटॉनचा उलट भाराचा जुळा कण, अशा उलट्या कणांनाच प्रतिद्रव्य म्हणतात. तोही असाच थांबतो, पण थांबताच तो एखाद्या अणुकेंद्रकातील कणाशी भिडतो, दोघेही नष्ट होतात आणि फुटलेल्या केंद्रकाचे तुकडे आसपासच्या काही मिलिमीटरमधील पेशींना जबर इजा करतात.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 2003 पासून नेमके हेच तपासले गेले. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या जिवंत पेशी जिलेटिनमध्ये मिसळून नळीत भरल्या आणि सुमारे 2 सेंटीमीटर आत जाऊन थांबेल असा झोत एका टोकाने सोडला. झोताच्या शेवटच्या टप्प्यात तितक्याच पेशी मारण्यासाठी प्रोटॉनच्या तुलनेत एक चतुर्थांश प्रतिप्रोटॉन पुरले, आणि 2006 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. म्हणजे ते ‘चौपट’ नळीतल्या कणांच्या संख्येबद्दल आहे. चौपट रुग्ण बरे झाले, असा त्याचा अर्थ नाही. या झोताने आजवर एकाही माणसावर उपचार झालेला नाही.

पुढची अडचण केवळ पैशांची नाही. एक प्रतिप्रोटॉन नष्ट होताना सुमारे 1,880 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मोकळी होते, पण त्यातली 30 दशलक्षच्या आसपासच गाठीत जिरते. बाकीची बहुतेक पायॉन नावाचे क्षणभंगुर कण आणि गॅमा किरण यांच्या रूपाने चहूकडे निघून जाते, आणि जाताना निरोगी भागालाही थोडी मात्रा देते. लाळग्रंथी, पाठीचा कणा आणि डोळे इतके जवळ असलेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिवाय सर्नच्या यंत्रात दीड-एक मिनिटाला जेमतेम 3 कोटी प्रतिप्रोटॉन मिळतात आणि रोजच्या रुग्णांच्या रांगेला ते पुरणारे नाहीत. प्रोटॉनपेक्षा जास्त मारक असे कार्बनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, तर जपानमधील चिबा येथे 1994 पासून रुग्णांना दिले जात आहेत, त्यामुळे प्रतिप्रोटॉनला स्पर्धा आहे ती त्यांच्याशी. केवळ भौतिकशास्त्र आकर्षक असून भागत नाही, याचा दाखलाही आहे: अमेरिका, कॅनडा आणि स्वित्झर्लंड येथे पायॉनचे झोत रुग्णांवर वापरून पाहिले, पण नेहमीच्या किरणांपेक्षा ठोस फायदा न दिसल्याने ते उपचार बंद झाले.

प्रतिद्रव्य कॅन्सरच्या रुग्णाच्या उपयोगी पडते ते आज पेट स्कॅनमध्ये. त्यात टोचल्या जाणाऱ्या साखरेसारख्या द्रव्यातील फ्लोरिन-18 हे किरणोत्सारी मूलद्रव्य पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, सोडते आणि त्याची क्रियाशीलता 110 मिनिटांत निम्मी होते. नागपुरात ही तपासणी होते; डॉक्टरांनी सांगितली तरच करा.

आता शेकाबद्दल. ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावेत आणि मध्ये खंड पडू नये, कारण उरलेल्या कॅन्सरच्या पेशी त्या सुट्टीत पुन्हा झपाट्याने वाढतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची पट्टी चेहऱ्यावर ताणून मास्क बनवतील. काही मिनिटांत तो कडक होतो. सूज उतरल्यामुळे किंवा वजन घटल्यामुळे तो गालापाशी सैल वाटू लागला तर त्याच दिवशी तंत्रज्ञाला सांगा, कारण चेहरा हलला की नेम चुकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड येते आणि गिळवत नाही. नेमके तेव्हाच पुष्कळ जण कापूस वेचणीचे निमित्त करून गावी निघून जातात. त्या दिवसांत घरातील एकाने मोठ्या वडिलांसोबत नागपुरातच राहावे.

प्रोटॉनचा सल्ला घ्यायचाच असेल तर टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात ती सोय आहे. कागद दाखवून विचारा, पण इथली मिळालेली तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका. दाढांची तपासणी शेक सुरू होण्याआधीच करून घ्या, आणि जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल पहिल्याच दिवशी सोबत न्या.