'शाश्वत', 'टिकाऊ' की 'पुरवून वापरणे'?

धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे, की शेती आणि पाण्यावरचा व्हिडिओ गेम मराठीत आणताना 'सस्टेनेबल' या शब्दासाठी पडद्यावर 'शाश्वत' लिहावे की 'टिकाऊ'.

'शाश्वत विकास' हा शब्दप्रयोग रुळलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेली १७ ध्येये आपण याच नावाने ओळखतो, आणि धोरणाच्या भाषेत तो तसाच राहावा. परंतु शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. गेममधली विहीर किंवा जंगल संपू शकते हे खेळणाऱ्याला जाणवावे, यासाठीच तर ती रचना केलेली असते. तेथे हा शब्द नेमका उलटा अर्थ सुचवतो. 'टिकाऊ' हा वस्तूचा गुण आहे. कापड टिकाऊ असते, त्यात वापरणाऱ्याचे काही कर्तृत्व नाही.

माझा कौल 'पुरवून वापरणे' याला आहे. 'तेल महिनाअखेरपर्यंत पुरवून वापर' हे आपण घरात सहज बोलतो. 'पुरणे' या क्रियापदापासूनच 'पुरवठा' हा शब्द आला, पण त्यात देणाऱ्याचा विचार आहे. 'पुरवून' या रूपात मात्र आहे तेवढ्यात भागवणाऱ्याचा संयम येतो. खानदेशाला ही कल्पना नवी नाही. पांझरा नदीकाठच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीत बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे, म्हणजे थळाचे, फड (भाग) पाडलेले असतात, कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात हंगामी पीक हे उपलब्ध पाणी पाहून शेतकरी मिळून ठरवतात, आणि पाणी वाटणारा पाटकरी त्याप्रमाणे पाणी देतो. 'इको' या गेममध्येही खेळाडू मतदानाने कायदे करून जंगलतोडीला आणि प्रदूषणाला आवर घालू शकतात. तो गेम मला फडाच्या फार जवळचा वाटतो, आणि त्याचे मराठीकरण करताना 'थळ', 'फड', 'पाटकरी' हे शब्द हाताशी असावेत.

एक भेद मात्र जपावा. २०२३ साली आलेल्या 'टेरा निल' मध्ये उजाड जमीन पुन्हा हिरवी करून शेवटी आपली सर्व यंत्रेही उचलून न्यायची असतात. तेथे काही पुरवून वापरायचे नसून गेलेले परत आणायचे आहे, म्हणून 'पुनरुज्जीवन' हाच शब्द योग्य.

तुमच्या गेममध्ये जागा कमी असेल, तर बटणावर 'पुरवून वापरा' एवढेच लिहावे, आणि पाण्याच्या मापकाखाली टक्केवारीऐवजी 'अजून ४० दिवस पुरेल' असे दाखवावे.