पलाशिका ती हीच हलशी

निपाणीहून एका वाचकांनी विचारलंय: 'कदंब राजांच्या ताम्रपटांत पलाशिका नगरी येते, ती आज कुठे? आमच्यात कोणी तिला पळशी ठरवतो, कोणी बनवासीच्या शेजारी नेऊन ठेवतो.'

पलाशिका म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली हलशी. खानापुरातून नंदगडचा रस्ता धरायचा, नंदगड मागे टाकलं की हलशी. बनवासी पार दक्षिणेला, सिरसी तालुक्यात वरदेच्या काठी. ती या जुन्या कदंब घराण्याची मूळ राजधानी. पलाशिका त्यांचं उत्तरेकडचं मोठं ठाणं.

नाव बदललं कसं? साधारण दहाव्या शतकापासून कन्नडात शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' होत गेला. बेळगावच्या बाजारात रोज कानावर पडणारे हालु (दूध) आणि हेसरु (नाव) हे जुन्या कन्नडात पालु आणि पेसरु होते. पळ्ळीची हळ्ळी (गाव) झाली तीही तशीच. त्याच ओघात पलसिगेचं, म्हणजे पलाशिकेच्या कन्नड रूपाचं, हलसिगे झालं आणि झिजत हलसी उरलं.

आता हलशीतला 'श'. पलाशिकेतला 'श' गावकऱ्यांनी दीड हजार वर्षं जपला, असं कौतुकाने सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. मधल्या कन्नड रूपांत 'स'च आहे, आणि कन्नड बोलणारे आजही हलसीच म्हणतात. 'श' आपल्या मराठी जिभेचा: म्हैस, पण म्हशी. पुढे 'ई' आली की 'स' तालूकडे सरकतो.

गावाचं नाव पळसावरून की फणसावरून, हा वाद मात्र खरा आहे. कन्नडात फणसाला हलसु म्हणतात, जुन्या कन्नडात पलसु. म्हणजे मूळ देशी नाव फणसावरून असेल आणि संस्कृत लेखकाने त्याला पलाशाचा, म्हणजे पळसाचा, साज चढवला असेल, असंही म्हणता येतं. माझा कल पळसाकडे, कारण हाती असलेलं जुनं रूप तेच. जागा त्याने हलत नाही.

जागेचा पुरावा पक्का आहे. हलशीबाहेर, नंदगडच्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळच्या ढिगाऱ्यात कदंबांचे ताम्रपट मिळाले. एकात कदंब राजा मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिका नगरात जिनालय (जैन मंदिर) बांधून 33 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन दिल्याची नोंद आहे. इंग्रज पुराभिलेख-अभ्यासक फ्लीटने हे ताम्रपट वाचून छापले. गावातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, समोरासमोर दोन गाभाऱ्यांचं, बऱ्याच नंतरचं: बाराव्या शतकातल्या गोव्याच्या कदंबांचं. हे कदंब वेगळे. दोन्ही घराण्यांची सरमिसळ करू नका.

आणखी एक मेख. या नंतरच्या शिलालेखांत 'पलसिगे बारा हजार' असं दिसलं, तर तो नगराचा नव्हे, प्रांताचा उल्लेख. वेणुग्राम, म्हणजे आपलं बेळगाव, त्या प्रांतातच मोडत होतं. अशा ठिकाणी हलशी गावावर बोट ठेवू नये.