काठीचे दोन ठोके

(पत्र थोडक्यात: “ताई, बाबा गेले आणि त्यांचा कुत्रा बंड्या माझ्याकडे आला. वय 12. दोन वर्षांपासून ठार बहिरा. सहा महिने सांभाळला, पण मुलाचा दमा बळावला. रात्री-अपरात्री दोनदा दवाखाना गाठावा लागला. कुत्र्याचीच ॲलर्जी निघाली. औषधं झाली, वेगळी खोली झाली, उपयोग नाही. आता त्याला चांगलं घर शोधतेय. मैत्रीण म्हणते, वय 8 लिही आणि बहिरेपणाबद्दल बोलूच नकोस, नाहीतर कोणी फिरकणार नाही. मध्यंतरी झोपेत पाहुण्यांनी पाठीवर हात ठेवला तर गुरगुरत अंगावर धावला. हेही सांगायचं का? खरं तर कधीकधी त्याला ऐकू येतं असंही वाटतं. बाबांची काठी दोनदा आपटली की शेजारच्या खोलीतूनसुद्धा उठून येतो. बाबांना काय वाटत असेल, या विचाराने झोप लागत नाही. — बाबांची लेक”)

बाबांच्या लेकी,

मैत्रिणीचा सल्ला आधी निकालात काढू. बारा वर्षांचा कुत्रा आठचा म्हणून कोणाच्या गळ्यात मारलास, तर बिंग फुटायला किती वेळ लागेल? नवीन माणूस पाठीमागून हाक मारेल, बंड्या ढिम्म हलणार नाही, संपलं. दात आणि डोळे बघून डॉक्टर वयाचा अंदाज सांगतील ते वेगळंच. मग तो परत येणार. बाबांचं घर गेलं, तुझं जातंय, त्यात तिसरंही सुटलं तर त्या म्हाताऱ्याने करायचं काय?

तेव्हा पहिल्याच ओळीत लिही: वय 12, ऐकू येत नाही. फोन कमी येतील. येऊ देत कमी. तुला पन्नास माणसं नकोयत, एक घर हवंय. फोटो मात्र चांगला दे, तोंड दिसेल असा. पाठमोरा, कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेला नको.

पाहुण्यांचा प्रसंगही सांगायचा, कारणासकट. गाढ झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला कोणी आल्याची चाहूलच लागत नाही. एकदम पाठीवर हात पडला की तो दचकतो, आणि दचकलेला कुत्रा आधी दात दाखवतो. हा स्वभावदोष नव्हे. त्याला उठवायची रीत असते. अंथरुणाजवळ पाय आपटायचा किंवा नाकासमोर हाताचा पंजा धरायचा, म्हणजे वास पोचतो. डोळे उघडले की मग खांद्यावर अलगद बोटं, आणि लगेच तोंडात काहीतरी आवडीचं. दिवसातून चार-पाच वेळा हे केलंस तर काही आठवड्यांत स्पर्श म्हणजे खाऊ असं त्याच्या डोक्यात बसू लागेल. नवीन घर मिळेपर्यंत तेवढा वेळ तुझ्या हातात आहे. मुलाला मात्र यातून बाहेर ठेव.

माझ्याकडेही एक होती, उतारवयात बहिरी झालेली. व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला की जन्मभर पलंगाखाली लपणारी बाई शेवटची दोन वर्षं त्याच्या वाटेतच ताणून झोपायची. आम्हीच तिला वळसा घालून झाडायचो. बहिरेपणाची कीव आपल्यालाच फार येते. कुत्र्याचं जग मुळात नाकावर चालतं.

आता काठी. बंड्याला ती ऐकू येत नाही, पायांना कळते. जमिनीतून येणारा हादरा त्याच्या पंजांना, आडवा असेल तर अंगाला जाणवतो. बाबांनी ही खूण मुद्दाम शिकवली की आपसूक जमली, कोण जाणे. पण ती त्याची हाक आहे. अशा आणखी खुणा असणारच: जेवणाची, फिरायला जायची, ‘थांब’ची. आठव, बाबांच्या फिरायच्या सोबत्यांना विचार आणि एका कागदावर लिहून काढ.

जाहिरात देण्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी मार. कानात मळ साचला असेल किंवा जुना संसर्ग असेल तर ऐकू येणं आणखी कमी होतं, ते तपासून घे. सोबत रक्त-लघवी, दात, सांधे. रात्री उगाच येरझाऱ्या घालत असेल, भिंतीकडे बघत उभा राहत असेल तर तेही सांग, म्हातारपणी मेंदूही थकतो. सगळे कागद एका फाइलमध्ये लाव. घेणाऱ्याला खर्चाचा अंदाज आधी आलेला बरा.

विचारायला सुरुवात ओळखीतून कर. डॉक्टरांना कळव, कारण कोणाचा म्हातारा कुत्रा नुकताच गेलाय हे त्यांना ठाऊक असतं. त्यातले काही जण म्हणतात, पिल्लू आता झेपणार नाही, पण असा एखादा चालेल. सोन्यासारखी माणसं ती. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही सांग, पण पिंजऱ्यात नव्हे, कोणाच्या तरी घरात ठेवतील का ते विचारून. आणि जो एकही प्रश्न न विचारता ‘आजच नेतो’ म्हणेल, त्याला नम्रपणे वाटेला लाव.

घर स्वतः जाऊन बघ. फाटक नीट लागतं का, जिने किती, दिवसभर माणूस असतं का. बाहेर पट्टा कधीही सोडायचा नाही, ही अट घाल. मागून येणारी गाडी त्याला कळणार नाही, आणि सुटला तर हाका मारून उपयोग नाही. दोन आठवडे राहून बघू दे. नाही जमलं तर तो तुझ्याकडेच परत येईल, हे लेखी असू दे. तेवढ्या दिवसांपुरती त्याची सोय कुठे करशील, ते आत्ताच ठरव.

नेताना त्याचं अंथरूण धुऊ नकोस. कितीही वास येत असला तरी. खाणं तेच ठेवायला सांग, बदलायचंच तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. रात्री मंद दिवा हवा, आता कानांचं काम डोळे करतात. पहिले दोन-तीन दिवस तो जेवणार नाही कदाचित. तू धावत जाऊ नकोस.

आणखी एक. तो गेल्यावर मुलाला लगेच बरं वाटलं नाही तर ‘उगाच दिला’ म्हणून रडत बसू नकोस. कुत्र्याच्या कातडीचे बारीक कण गाद्या-पडद्यांत काही महिने राहतात.

बाबांना काय वाटत असेल, हे मी कुठून सांगू? पण नातवाची छाती घरघरताना ते काय म्हणाले असते, ते तू सांगू शकशील. सहा महिने तू धडपडलीस आणि अजून त्याच्या घराचीच चिंता करतेयस. त्याला टाकणं म्हणत नाहीत.

काठी त्याच्याबरोबर दे. ती तुला ठेवावीशी वाटत असणार, समजतं मला. तरी दे. आणि त्या लोकांना दाखवून ये: दोनदा, मध्ये किंचित थांबून, बाबा आपटायचे तशी.

— ताई