‘उठावाचे लोण’ पसरले की पोचले?

प्रश्न असा आला आहे: ‘१७९१ साली हैतीत झालेल्या गुलामांच्या उठावाचे लोण शेजारच्या वसाहतींत पसरले’ या वाक्यात ‘पसरले’ बरोबर की ‘पोचले’?

व्याकरणाची हरकत दोन्हींना नाही. तरी इथे ‘पोचले’च घ्यावे. लोण हा आट्यापाट्यांतला शब्द. पाटीपाटीवर अडवायला गडी उभा. त्या सगळ्यांना हुलकावणी देत पलीकडे जायचे आणि तसेच परत यायचे, तेव्हा लोण होते. म्हणजे ते कुणीतरी आणावे लागते. ‘पसरणे’ त्याला चिकटले ते साथ, अफवा यांच्या संगतीने. साथीत माणूस नुसता सापडतो. मळेवालेही या उठावांबद्दल बोलताना संसर्गाचीच भाषा वापरत, ती आपण कशाला उचलायची?

प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. डचांच्या कुरासाव बेटावर केनेपा मळ्यावरच्या तुला नावाच्या गुलामाने १७ ऑगस्ट १७९५ रोजी काम बंद पाडले. त्याचा मुद्दा वकिली होता: फ्रान्सने १७९४ मध्ये आपल्या वसाहतींतले गुलाम मुक्त केले, हॉलंड आता फ्रेंचांच्या हाती आहे, मग आम्ही अजून गुलाम कसे? त्याला ‘रिगो’ असेही म्हणत, सॅन दोमँगमधल्या (म्हणजे पुढे हैती झालेल्या वसाहतीतल्या) एका सेनानीच्या नावावरून. त्याच वर्षी मे महिन्यात, समोरच्या व्हेनेझुएलात, होसे लिओनार्दो चिरिनोने ‘फ्रेंचांचा कायदा’ मागितला होता. बार्बाडोसमध्ये १८१६ चा उठाव झाला. त्यानंतरच्या एका जबानीत नॅनी ग्रिगचे नाव येते. ती वर्तमानपत्रांतल्या बातम्या इतरांना सांगे आणि सॅन दोमँगवाल्यांसारखे लढल्याशिवाय सुटका नाही, असे म्हणे. हवानात १८१२ मध्ये पकडलेल्या आपोंते या मुक्त कृष्णवर्णीय सुताराच्या चौकशीत सॅन दोमँगचा नेता तूसँ लूव्हर्तूर याच्या चित्राचा विषय निघाला. इतकी नावानिशी माणसे असताना ‘पसरले’ फार मोघम वाटते.

वाक्यात आणखी एक खटकते. १७९१ ला ‘हैती’ नव्हते. १ जानेवारी १८०४ पर्यंत ती फ्रेंचांची सॅन दोमँग वसाहत होती. ‘उठाव’ मात्र योग्य. ‘बंड’ म्हटले की सत्तावनसारखाच वाद, आणि ‘क्रांती’ १७९१ ते १८०४ या सबंध घडामोडीसाठी राखून ठेवलेली बरी.

एकूण वाक्य असे करावे: ‘सॅन दोमँगमध्ये १७९१ साली झालेल्या उठावाचे लोण तिथल्या बातम्या सांगणाऱ्या माणसांनी शेजारच्या वसाहतींपर्यंत पोचवले.’